विंडोज ११ : होम पुरेसं की प्रो घ्यावं?

नवा लॅपटॉप घेताना विंडोजच्या होम आणि प्रो या दोन आवृत्त्यांपैकी कोणती निवडावी, इथेच बरेच जण अडतात. वेग दोन्हींत सारखाच, प्रोमुळे मशीन जास्त पळत नाही.

खरा फरक डिस्कच्या कुलपात आहे. होममधलं 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) फक्त चालू किंवा बंद होतं, आणि रिकव्हरी की (अडलेलं कुलूप उघडणारा आकडा) मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटनंतर स्क्रीनने ती ४८ अंकी की मागितली आणि खातंच उघडेना, तर डेटा गेला. ती आजच कागदावर उतरवून ठेवा! प्रोच्या बिटलॉकरमध्ये, म्हणजे तिथल्या डिस्क-कुलपात, की कुठे ठेवायची ते तुम्ही ठरवता. ग्रुप पॉलिसी या प्रोमधल्या खास सेटिंग्जमधून मशीन सुरू होतानाच मागितला जाणारा पिनही लावता येतो. पेनड्राइव्हलाही कुलूप लागतं. होमवर तो पासवर्डने उघडतो, पण नवं कुलूप लावता येत नाही.

रिमोट डेस्कटॉपने (दूरचं मशीन आपल्या स्क्रीनवर चालवण्याची सोय) होमवरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरता येतं, उलट नाही. मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणारं हायपर-व्ही आणि प्रोग्रॅम वेगळे ठेवून तपासायचं सँडबॉक्स फक्त प्रोत; होमवर आभासी मशीनसाठी व्हर्च्युअलबॉक्स चालतं.

घरकाम, अभ्यास, गेम यांसाठी होमच घ्या. अशिलांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या वकिलांनी, ऑफिसच्या डोमेनला (ऑफिसने एकत्र सांभाळलेल्या नेटवर्कला) लॅपटॉप जोडणाऱ्यांनी प्रो घ्यावं. शंका असेल तर होमने सुरुवात करा: नंतर सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशनमध्ये प्रोची परवाना-की (प्रॉडक्ट की) टाकली की काम होतं, फाइली जागच्या जागी राहतात.