जुन्या आरसी (रिमोट कंट्रोलच्या) गाडीचा रिसीव्हर मेलाय? बेळगावात शहापूरच्या रेडिओवाल्या मामांकडं न्या (गियर सोडून)

दुकानाचं नाव टाकत नाही, मामांनाच नकोय, गर्दी झाली की कामं अडतात म्हणतात. शहापूर खडे बाजारात रेडिओ रिपेअरी कुठंय विचारा, कुणीपण दाखवतंय. गाडी लांबच लावून या, दुकानासमोर सायकल उभी करायला पण जागा नसते.

मी मामांकडं रिपेअरीला दिलेली गाडी म्हणजे टामिया या जपानी कंपनीची सुबारू ब्रॅट, 1983 चं मॉडेल, 1/10 स्केल, काकांनी मस्कतवरून आणलेली. खरी ब्रॅट म्हणजे मागच्या हौद्यात उलट्या तोंडाच्या दोन सीटा असलेली पिकअप, अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या ट्रकवर 25 टक्के ड्युटी होती ती चुकवायला सुबारूनं सीटा बसवून तिला पॅसेंजर गाडी करून टाकली, डोकं बघा की लोकांचं! असो. माझी गाडी दोन फूट गेली की थरथरायची आणि थांबायची.

ज्याला विचारावं तो म्हणतोय जुना रिमोट-रिसीव्हरचा सेट काढ, आताचा 2.4 गिगाहर्ट्झचा घाल. चालवायलाच पाहिजे असेल तर बरोबर आहे त्यांचं, पण ज्याला जुन्या गाड्या जमवायच्यात त्यानं तो लांब अँटेनाचा ओरिजिनल रिमोट काढला तर मग राहिलं काय, नुसती बॉडीच की.

आता मामांची खरी कमाल. हे जुने सेट 27 मेगाहर्ट्झ एएमवर चालतात, फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलची जोडी असते, रिमोटमधल्या आणि रिसीव्हरमधल्या क्रिस्टलमध्ये 455 किलोहर्ट्झचा फरक. आणि 455 म्हणजे काय, तर आपल्या जुन्या एएम ट्रान्झिस्टरमधली आयएफ, म्हणजे रेडिओ आलेला सिग्नल आत ज्या ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो ती! मामांनी रिसीव्हर उघडला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "अरे हा पण रेडिओच की रे, फक्त गाणी लागत नाहीत." भंगारातल्या एका ट्रान्झिस्टरची आयएफची डबी (ट्यून करायची छोटी कॉइल) काढून यात बसवली, प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं कोअर फिरवत ट्यून केली, मध्येच एका गिऱ्हाइकाशी कन्नडमधून टीव्हीच्या पैशावरून वाद पण घालून झाला. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात नेऊन चालवली, आता मस्त लांबवर जाते. साडेतीनशे रुपये घेतले, मला तर कमीच वाटले.

स्पीड कंट्रोलर पण त्यांनीच साफ केला. जुन्या गाडीत तो मेकॅनिकल असतो, सर्वो (रिसीव्हरच्या इशाऱ्यावर फिरणारी छोटी मोटर) एक पट्टी कॉन्टॅक्टवर सरकवतो, कमी स्पीडला करंट रेझिस्टरमधून जातो म्हणून तो तापतो, तापला म्हणून घाबरून काढू नका, फक्त बॉडीला चिकटू देऊ नका. साध्या खेळण्यातल्या गाड्यांच्या रिसीव्हरमध्ये बऱ्याचदा क्रिस्टल नसतोच, सुपर-रिजनरेटिव्ह नावाचं सोपं सर्किट असतं, ते काम तर मामा चहा पिता पिता करतात.

आता न आवडलेलं. 7.2 व्होल्टचा बॅटरी पॅक, सहा सेलचा, मामा सेलवर डायरेक्ट सोल्डरिंग आयर्ननं सोल्डर मारतात. एवढ्या उष्णतेनं सेल आतून खराब होतो, निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनं लावायला पाहिजे, पण ते मशीन त्यांच्याकडं नाही, त्यामुळं तयार निकेल मेटल हायड्राइड पॅक घ्या. लिथियम पॉलिमर तर जुन्या मेकॅनिकल कंट्रोलरवर नकोच, व्होल्टेज खाली गेलं की बंद करणारं त्यात काहीच नसतंय.

आणि गियर, ड्राइव्ह शाफ्ट देऊ नका त्यांना! ब्रॅट आणि फ्रॉग (टामियाचीच दुसरी गाडी) यांच्या जुन्या चासीत शाफ्टची टोकं षटकोनी असतात आणि ती झिजून गोल होतात, टामियानं नंतरच्या री-रिलीजमध्ये तो जॉइंटच बदलला. मामा म्हणाले अ‍ॅराल्डाइट भरून देतो, मी गाडी हातातून काढून घेतली. तो पार्ट बाहेरूनच मागवावा लागतोय.

वेळ पाळत नाहीत, उद्या म्हणाले की पुढचा आठवडा समजा. आणि जाताना रिमोट, दोन्ही क्रिस्टल आणि चार्ज केलेली बॅटरी सगळं घेऊन जा, नुसती गाडी नेली की दारातूनच परत पाठवतात.