घरातला स्टीलचा जिना आणि पूल: जागेवर वेल्डिंग की कारखान्यातून तयार?

जागेवरच्या कामाची मोठी सोय म्हणजे भिंत दोन सेंटिमीटर तिरकी निघाली तरी फॅब्रिकेटर तिथल्या तिथे जुळवून घेतो. सुटे तुकडे अरुंद दारातूनही आत येतात. पण ठिणग्या, धूर, ग्राइंडरची धूळ सगळं घरातच. फरशी आणि काचा बसण्याआधी हे उरकायलाच हवं.

कारखान्यात बनवून बोल्टने जोडलेल्या जिन्याचा फिनिश मला निर्विवाद सरस वाटतो. पावडर कोटिंग, म्हणजे रंगाच्या कोरड्या भुकटीचा भाजून बसवलेला थर, साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत पक्कं होतं, ते घरात होणे नाही. मात्र इथे मापाला माफी नसते. माप तयार फरशीच्या पातळीवरूनच धरा. स्लॅबवरून धरलं आणि फरशी नंतर आली, तर खालची पायरी बुटकी होते आणि माणूस रोज तिथेच अडखळतो.

पुलाला, म्हणजे घराचे वरचे दोन भाग जोडणाऱ्या अधांतरी वाटेला, दोन्ही पद्धती चालतात. तिथे खरा प्रश्न थरथरण्याचा. आयताकृती तुळईची उंची दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो, म्हणून सडपातळ दिसण्याच्या हट्टापायी उंची कापू नका. आणि टेकू आरसीसी बीमवर घ्या, नुसत्या विटांच्या भिंतीवर नको.