निकॉनच्या तीन टेलिफोटो झूम लेन्स : २००-५००, १८०-६०० आणि १००-४०० यांतून निवड करताना

निकॉनचा झेड माउंटचा मिररलेस कॅमेरा ज्याच्याकडे आहे आणि ज्याला ताडोब्याचा वाघ, भिगवणचे पक्षी आणि सुटीच्या दिवशीचा क्रिकेट सामना असे सगळेच टिपायचे आहे, त्याच्यापुढे साधारणपणे तीन झूम लेन्स येतात. पहिली २०१५ साली आलेली, निकॉनच्या जुन्या एफ माउंटची (माउंट म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जोडण्याची रचना) २००-५०० एफ/५.६. यातला पहिला भाग मिलिमीटरमधला पल्ला, म्हणजे फोकल लेंग्थ, आणि एफ-आकडा छिद्राचा; तो जितका लहान तितका प्रकाश जास्त. ती आता बहुधा वापरलेलीच घेतली जाते आणि झेड कॅमेऱ्यावर एफटीझेड अडॅप्टर लावून चालते. दुसरी २०२३ मधली झेड १८०-६०० एफ/५.६-६.३ आणि तिसरी २०२१ मधली झेड १००-४०० एफ/४.५-५.६, जी कंपनीच्या वरच्या ‘एस’ श्रेणीत मोडते. अमेरिकेत बाजारात आल्या तेव्हा त्यांच्या किमती अनुक्रमे सुमारे १,४००, १,७०० आणि २,७०० डॉलर होत्या. सर्वांत लांबचे दाखवणारी लेन्स सर्वांत महाग नाही, हे पाहून पहिल्यांदा खरेदी करणारा गोंधळतो, म्हणून तुलनेची सुरुवात पल्ल्यापासूनच करणे बरे.

पल्ल्याचा अर्थ मिलिमीटरच्या आकड्यापेक्षा चौकटीत काय मावते यावरून लवकर कळतो. सीमारेषेबाहेर बसून ७० मीटरवरच्या फलंदाजावर फुलफ्रेम (३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरचा) कॅमेरा आडवा रोखला, तर ४०० मिलिमीटरला चौकटीत वरपासून खालपर्यंत ४.२ मीटर उंचीचे दृश्य मावते, ५०० ला सुमारे ३.४ मीटर आणि ६०० ला २.८ मीटर. म्हणजे ६०० वर बॅट उंचावलेला फलंदाज चौकट जवळजवळ भरून टाकतो, ५०० वर भोवती थोडी मोकळी जागा उरते, तर ४०० वर तो चौकटीच्या दोन तृतीयांशांहूनही कमी उंचीचा दिसतो. भिगवणच्या पाणथळीत होडीतून एकट्या पक्ष्याचे छायाचित्र घेतानाही हाच हिशोब लागू पडतो, कारण पक्षी उडू नये इतके अंतर राखावे लागते आणि ते राखलेच पाहिजे.

ताडोब्यात मात्र हिशोब उलटा होतो. तिथला वाघ पुष्कळदा सफारीच्या रस्त्यावरूनच चालत येतो आणि जिप्सीपासून दहा मीटरवर आला, तर १८० मिलिमीटरला चौकटीची रुंदी फक्त दोन मीटर भरते. शेपटीसकट अडीच ते तीन मीटर लांबीचा प्राणी आडवा गेला, तर त्यात तो मावत नाही. १०० मिलिमीटरला हीच रुंदी ३.६ मीटर होते आणि वाघासोबत मागचे बांबूचे बनही थोडे येते. वाघाचे जवळून काढलेले चेहरे आता भरपूर झाले आहेत, आणि त्याचे जंगल दाखवणारी चौकट मला अधिक मोलाची वाटते. तशीच आवड असलेल्याने १००-४०० चा विचार अवश्य करावा.

प्रकाशाच्या बाबतीत जुन्या २००-५०० चे चाहते एक मुद्दा आग्रहाने मांडतात, तो असा की तिचे छिद्र शेवटपर्यंत एफ/५.६ राहते आणि नव्या १८०-६०० चे एफ/६.३ होते. हा फरक खरा असला तरी तो एक तृतीयांश स्टॉपचाच आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). शिवाय दूरच्या विषयाकडून किती प्रकाश गोळा होतो हे नुसत्या एफ-आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी फोकल लेंग्थला त्या आकड्याने भागून छिद्राचा खरा व्यास काढावा लागतो. तो १८०-६०० चा सुमारे ९५ मिलिमीटर, २००-५०० चा ८९ आणि १००-४०० चा ७१ मिलिमीटर येतो. त्यामुळे एकाच जागेवरून एकच पक्षी टिपताना ६०० ची लेन्स त्या पक्ष्याकडून ४०० च्या लेन्सपेक्षा जवळजवळ १.८ पट प्रकाश घेते. पुढची काच एवढी मोठी आणि फिल्टर ९५ मिलिमीटरचा का, याचे उत्तरही इथेच आहे. झेड ८ सारख्या ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात डीएक्स कापणी केली (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला) की ४०० ची चौकट ६०० एवढी होते आणि तरीही सुमारे १९ मेगापिक्सेल उरतात, हे १००-४०० च्या बाजूने नेहमी सांगितले जाते. भर उन्हात हा उपाय उत्तम चालतो. पहाटेच्या पहिल्या अर्ध्या तासात मात्र कापणीने पक्षी मोठा दिसतो, प्रकाश वाढत नाही, आणि पिसांच्या बारकाव्यात दाणे दिसू लागतात.

हाताळणीत जुन्या आणि नव्या लेन्समधला फरक मला प्रकाशाच्या फरकापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. २००-५०० झूम करताना पुढे सरकत लांब होते, आणि तिचे कडे इतके फिरवावे लागते की मध्येच पकड बदलावी लागते. वाघ झाडीतून बाहेर येऊन पुन्हा आत जातो तेवढ्या वेळात हे जमत नाही. १८०-६०० चे झूम आतल्या आत होते, लांबी बदलत नाही, आणि सुमारे ७० अंशांच्या एकाच वळणात संपूर्ण पल्ला पार होतो. मोनोपॉडवर तिचा तोल ढळत नाही, तसेच उन्हाळ्यात विदर्भातल्या कच्च्या रस्त्यांवरची धूळ हवेबरोबर आत ओढली जाण्याचा धोकाही कमी राहतो. फोकस पकडण्याचा वेगही नव्या लेन्सचा सरस आहे. बदल्यात ती पिशवीत ३१ सेंटिमीटरहून अधिक जागा अडवते, तर १००-४०० मिटल्यावर सुमारे २२ सेंटिमीटरची होते, जरी झूम करताना तीही लांबते.

वजनात ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरसह २००-५०० सुमारे २,३०० ग्रॅम, अधिक अडॅप्टर. १८०-६०० सुमारे २,१४० ग्रॅम. आणि १००-४०० सुमारे १,४३५ ग्रॅम. जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते, म्हणून रिकामी बीन बॅग सोबत नेऊन मुक्कामी पोहोचल्यावर तांदूळ किंवा मूग भरून घ्यावी. मग दोन किलोची लेन्सही दांड्यावर निवांत टेकते. पायी हिंडणाऱ्याला मात्र १८०-६०० आणि १००-४०० मधला सातशे ग्रॅमचा फरक दुपारपर्यंत नक्की जाणवतो. पावसाळ्यात आंबोलीच्या वाटांवर फिरणाऱ्यासाठी माझे मत निःसंशय १००-४०० च्या बाजूने आहे, कारण ती ४०० मिलिमीटरला ९८ सेंटिमीटरवर फोकस करते आणि ०.३८ पट मोठेपण देते (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या ०.३८ पट), ज्यात नीलवंत फुलपाखरू चौकटभर मिळते. बाकीच्या दोघींचे मोठेपण ०.२२ आणि ०.२५ पट आहे.

खेळांबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या तिन्ही लेन्स उजेडातल्या मैदानी खेळांसाठी आहेत. कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटरचे असते आणि छायाचित्रकार त्याच्या कडेलाच बसतो; तिथे ६०० मिलिमीटरचा उपयोग नाही आणि एफ/६.३ पुरत नाही. सभागृहातल्या दिव्यांखाली चढाईपटूची झेप गोठवायला १/१००० सेकंदाचा शटर वेग लागतो, आणि ज्या ठिकाणी ७०-२०० एफ/२.८ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२८० पुरतो, तिथे एफ/६.३ ला ६४०० लागतो. व्हीआरने (लेन्समधल्या कंपनरोधक यंत्रणेने) हाताचे कंपन सावरते, खेळाडूची हालचाल थांबत नाही. ज्याचे निम्म्याहून अधिक काम बंदिस्त सभागृहात किंवा संध्याकाळी आहे, त्याने या तिघींपैकी कोणतीही घेण्याआधी ७०-२०० एफ/२.८ घ्यावी. उरलेल्यांपैकी बहुतेकांना, म्हणजे पक्षी आणि दिवसाचे क्रिकेट ही ज्यांची मुख्य आवड आहे त्यांना, मी १८०-६०० सुचवीन.

टेलिकन्व्हर्टरचा, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवून पल्ला वाढवणाऱ्या जोडकाचेचा, मोह आवरावा. १८०-६०० ला १.४ पटीचा जोडल्यावर ८४० मिलिमीटर मिळते, पण छिद्र एफ/९ होते. शिवाय मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, तेव्हा लांब पल्ल्याची लेन्स ती थरथरच मोठी करून दाखवते. अशा वेळी छायाचित्र मऊ आले म्हणून लेन्सला दोष देऊ नये.

सोनी किंवा कॅनन वापरणाऱ्यांनी यासाठी कॅमेरा बदलण्याची गरज नाही. सोनीची २००-६०० ही १८०-६०० सारखीच आतल्या आत झूम होणारी आहे, आणि कॅननची १००-५०० वजनाने १००-४०० च्या जवळची आहे, मात्र ५०० वर तिचे छिद्र एफ/७.१ होते.

बजेटमुळे २००-५०० च घ्यायची ठरली, तर त्यात कमीपणा काही नाही. काचेच्या गुणवत्तेत ती आजही उत्तम आहे. फक्त मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते, म्हणून व्यवहार ठरण्याआधी दोन्ही झाकणे काढून, छिद्र पूर्ण उघडे असताना, मागच्या बाजूने टॉर्च मारून आत पाहावे. झूम दोन्ही टोकांना नेऊन पाहावे, कॉलर सैल नाही ना हे तपासावे, आणि स्वतःच्या कॅमेऱ्यावर स्वतःचा अडॅप्टर लावून ५०० मिलिमीटरला काही छायाचित्रे काढून ती पडद्यावर मोठी करून पाहावीत. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर किंमत कितीही कमी असली तरी ती लेन्स घेऊ नये.