पॉइंट टू-टू पिस्तुलाची फायरिंग पिन: कंपनीची घ्यावी की घडवून घ्यावी?

निकाल आधी. 25 मीटरवर वापरायच्या पॉइंट टू-टू (.22 इंची) पिस्तुलाची फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून बार उडवणारी पिन, तुटली असेल तर मूळ कंपनीचीच घ्यावी, एकीच्या जागी दोन घ्याव्यात आणि पिनची स्प्रिंग सोबत घेतल्याशिवाय ऑर्डर पुरी करू नये. गनस्मिथने (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) हाताने घडवलेली पिनही चालते, पण तिचं पोलाद कुठलं आणि तिला पाणी कसं दिलंय (तापवून, झटकन थंड करून कडक कसं केलंय) यावर सगळं अवलंबून. पुण्यात दोन्ही पर्याय समोर येतात, म्हणून दोन्हींचं परीक्षण एकत्र.

पिन का तुटते, हे आधी समजून घेतलेलं बरं. या काडतुसाच्या बुडाला मधोमध वेगळी टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या पोकळ काठात फिरवून बसवलेला असतो. पिन तो काठ चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या घराच्या) कडेवर चेपते आणि बार उडतो. म्हणजे चेंबरची कड ही ऐरण आणि पिन हा हातोडा. काडतूस मध्ये नसताना पिन कडेपर्यंत पोचू नये अशी रचना असते. बोल्टमधली (काडतुसामागे मागे-पुढे सरकणाऱ्या भागातली) आडवी पिन फायरिंग पिनच्या खाचेत अडते आणि तिला थांबवते. पण हजारो बारांनंतर ती खाच लांबते, आडवी पिन झिजते आणि मग रिकाम्या चेंबरवर चाप ओढला की हातोडा थेट ऐरणीवर. टोकाचा कपचा उडतो, नाहीतर खाचेच्या कोपऱ्यात बारीक चीर पडते आणि एक दिवस तिथूनच दोन तुकडे होतात.

दोन तुकडे झाले तरी पिस्तूल बंद पडतंच असं नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. मागचा तुकडा पुढच्याला ढकलतो, पुढचा काठावर आपटतो आणि दहातले सात-आठ बार नीट जातात. उरलेल्यांना नुसता 'टिक' आवाज येतो. मग दोष काडतुसांवर ढकलला जातो, डबा बदलला जातो. त्याआधी न उडालेलं काडतूस भिंगाखाली बघावं. पिनची खूण काठाच्या पार बाहेरपर्यंत, चौकोनी आणि खोल असायला हवी. अर्धचंद्रासारखी खूण असेल तर टोक तुटलंय. उथळ खूण असेल तर पिन आखूड झालीय, मार्ग चिकटलाय किंवा घोड्याची स्प्रिंग थकलीय. खूण छान खोल आहे आणि तरी बार गेला नाही, तेच काडतूस फिरवून दुसऱ्या जागी आपटल्यावर गेला, तर मात्र मसाला एका बाजूला कमी होता. पिनचा दोष नाही. 'टिक' झाल्यावर नळी लक्ष्याकडेच रोखून निदान 30 सेकंद थांबायचं, बार उशिरा जाऊ शकतो. स्पर्धेत तर बोल्टला हात न लावता हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. स्वतः उघडलंत तर बिघाड ग्राह्य धरला जात नाही.

आणखी एक फसवं लक्षण: रिकामी पुंगळी अडकणं. सगळे एक्सट्रॅक्टरला (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याला) दोष देतात. पण पिनची परतीची स्प्रिंग मेलेली असेल तर पिन पुढेच राहते, पुंगळीचा काठ तिच्या टोकात अडकतो आणि पुढचं काडतूस वर सरकायला जागा मिळत नाही. हा प्रकार नुसता त्रासदायक नाही, धोक्याचा आहे. पिन पुढे अडकलेली असताना बोल्ट जोरात बंद झाला तर चाप न ओढता बार उडू शकतो. अशा पिस्तुलातून आणखी एकही गोळी झाडू नये.

आता काम कोणी करायचं. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात आणि दुरुस्तीलाही परवाना लागतो. पुण्यात लेथ शोधायला लांब जावं लागत नाही. भोसरी-चिंचवडला अगदी बारीक मापात काम करणारे कारागीर आहेत आणि 'नमुना द्या, संध्याकाळी घेऊन जा' हे वाक्य ऐकायला फार गोड वाटतं. तरीही तिथे पिन करायला टाकू नका. त्या कारागिराला आणि स्वतःला, दोघांनाही गोत्यात आणाल. पिस्तूल, परवाना आणि तुटलेला भाग घेऊन परवानाधारक गनस्मिथकडेच जायचं. कंपनीची पिनसुद्धा साध्या कुरिअरने परदेशातून मागवायची वस्तू नाही. परवानाधारक विक्रेत्यामार्फतच मागवावी. वेळ लागतो. म्हणूनच दोन घ्या म्हटलं.

कंपनीच्या पिनचं कौतुक कशासाठी? वॉल्थर जीएसपी, पार्डिनी एसपी, फाइनवेर्कबाऊ एडब्ल्यू 93, मोरिनी सीएम 22 ही चापाच्या पुढे मॅगझिन असणारी पाच गोळ्यांची पिस्तुलं. यांतली कुठलीही घ्या, तिच्या मूळ पिनच्या खाचेचे आतले कोपरे बघा. ते काटकोनात कापलेले नसतात, गोलाई देऊन सोडलेले असतात. चीर नेहमी तीक्ष्ण कोपऱ्यातून सुरू होते, त्यामुळे ती इवलीशी गोलाई म्हणजे पिनचं आयुष्य. दुसरी गोष्ट टोकाची. ते छिन्नीसारखं चपटं असतं, पण धार मारलेली नसते. कडा किंचित मोडलेल्या असतात. धारदार टोक काठ फोडतं आणि गॅस मागे येतो.

हाताने घडवलेल्या पिनमध्ये नेमके हेच दोन मुद्दे राहून जातात. खाच कानशीने काढलेली, कोपरा तीक्ष्ण. त्यावर पाणी जास्त दिलेलं असलं तर पिन काचेसारखी तडकते. कमी दिलेलं असलं तर टोक चेपून मशरूमसारखं पसरतं आणि बोल्टच्या भोकात घासायला लागतं. पाणी दिल्यावर पुन्हा तापवून कडकपणा उतरवावा लागतो (हेच टेम्परिंग), आणि ती पायरी घाईत गाळली जाते. जुन्या, उत्पादन थांबलेल्या पिस्तुलाला घडवलेली पिन हाच एक मार्ग असेल तर गनस्मिथला दोनच प्रश्न विचारा: खाचेला गोलाई दिलीय का, आणि पाणी दिल्यानंतर टेम्परिंग केलंय का? जो लगेच आणि तपशिलात उत्तर देतो त्याच्याकडे काम द्यावं.

कंपनीच्या पिनबद्दल तक्रारही आहे. सुटी पिन बऱ्याचदा स्प्रिंगशिवाय येते आणि ग्राहकाच्या ते पिन हातात पडल्यावर लक्षात येतं. जुनी स्प्रिंग तशीच बसवली तर निम्मी दुरुस्ती झाली. स्प्रिंग, पिन आणि आडवी पिन, तिन्ही एकाच वेळी बदलावं; आडव्या पिनवर फायरिंग पिन अडते त्या जागी नखाला लागेल असा खड्डा असला तर ती हमखास बदलायचीच.

बसवण्याचं काम बाकावर कसं व्हायला हवं ते माहीत असलं की चांगला कारागीर ओळखता येतो. मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी पाहून करंगळीने चाचपलेलं. मग बोल्ट बाहेर. रिकॉइल स्प्रिंग दाबलेली असते, डोळ्यांवर चष्मा हवाच. खाली पांढरा टॉवेल, नाहीतर पिनची स्प्रिंग टणकन उडून बाकाखाली जाते. बोल्ट पितळी किंवा लाकडी ठोकळ्यावर टेकवून आडवी पिन पंचने काढायची, आणि पंच तिच्यापेक्षा किंचित बारीक घ्यायचा, म्हणजे भोकाची कड खराब होत नाही. कुठल्या बाजूने ठोकायचं ते पिस्तुलाच्या मॅन्युअलमधल्या आकृतीत पाहूनच; उलट बाजूने ठोकली की भोक सैल पडतं. (चांगले पंच आणि पितळी हातोडी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतात. गनस्मिथकडचे पंच टोकाला वाकलेले दिसले तर काम देण्याआधी विचार करावा.)

पिन निघाल्यावर खरं काम सुरू होतं ते सफाईचं. पॉइंट टू-टूच्या शिशाच्या गोळीवर मेण किंवा चरबीचा हात असतो. ते मेण, शिशाची भुकटी आणि काजळी मिळून पिनच्या बोगद्यात काळा लगदा होतो. वरून तेल सोडलं की तो आणखी घट्ट. पुण्यात पावसाळ्यात गंज येईल म्हणून जून ते सप्टेंबर सढळ हाताने तेल घालणारे बरेच आहेत. बालेवाडीच्या रेंजवर त्या दिवसांत हवा दमट असते हे खरं, पण तेल बाहेरच्या पोलादाला लावायचं. पिनचा बोगदा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी पुसून कोरडा ठेवायचा, फार तर पिनवर तेलाचं बोट फिरवायचं.

मग जुनी आणि नवी पिन शेजारी ठेवून व्हर्नियरने मोजायचं: एकूण लांबी, टोकाची रुंदी, खाचेची लांबी. जुन्या पिनचे दोन्ही तुकडे जपून आणणं यासाठीच महत्त्वाचं. नवी पिन स्प्रिंगसह बसवल्यावर मागून बोटाने दहा वेळा दाबायची. प्रत्येक वेळी ती चटकन मागे यायला हवी. एकदाही रेंगाळली तर पुन्हा बाहेर काढायची.

सगळ्यात कळीचं माप म्हणजे पिन बोल्टच्या तोंडाबाहेर किती येते. काडतुसाच्या काठाची जाडी जास्तीत जास्त 1.1 मिलिमीटरच्या आसपास, आणि बोल्ट बंद असताना त्याच्या तोंडापासून चेंबरच्या कडेपर्यंतची जागा साधारण तेवढीच. पिन त्याहून कमीच बाहेर यायला हवी. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच प्रमाण. खात्रीचा उपाय वर्कशॉपमधलाच आहे. पिनच्या टोकाला इंजिनिअर्स ब्लूचा (टेकेल तिथे खूण उमटवणाऱ्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ हात द्यायचा, बोल्ट बंद करून पिन मागून पूर्ण पुढे ढकलायची आणि बोल्ट उघडून चेंबरची कड बघायची. कडेवर निळा ठिपका उमटला तर पिन लांब आहे. ठिपका नाही, कड स्वच्छ आहे, तर पिन पास. जो गनस्मिथ ही परीक्षा स्वतःहून करतो त्याला मजुरी जास्त दिली तरी हरकत नाही.

ती कड बघताना जुनी इजाही दिसते. आधीच्या कोरड्या आपटण्यांनी तिथे बारीक खड्डा पडलेला असतो आणि त्यातलं पोलाद चेंबरच्या आत सरकून बर (उचललेली खरखरीत कड) आलेली असते. पिन नवी असूनही मिसफायर सुरू राहतात ते यामुळे, कारण खड्ड्यावर काठाला खालून आधारच मिळत नाही. पुंगळ्याही त्या बरीला घासून अडकतात. यावर कानस किंवा ड्रिल चालवू देऊ नका. चेंबर मोठं झालं की नळी गेली. निमुळता, घोटीव पोलादी दांडा आत घालून सरकलेलं पोलाद मूळ जागी दाबत नेतात, त्याला चेंबर आयर्न म्हणतात. काम दहा मिनिटांचं, पण हात सराईत हवा.

चाचणी रेंजवर, आणि टप्प्याटप्प्याने. आधी मॅगझिनमध्ये एकच काडतूस, असं पाच वेळा. मग दोन-दोन, तेही पाच वेळा. चाप एकदा ओढल्यावर दोन बार जात नाहीत ना, हे यातच कळतं. त्यानंतर पाच-पाच, एकूण 50 गोळ्यांपर्यंत आणि निदान दोन कंपन्यांची काडतुसं वापरून. सगळ्या पुंगळ्या गोळा करून खुणा ओळीने बघाव्यात. जागा आणि खोली सारखी हवी. शेवटची मालिका पुरुषांच्या रॅपिड फायरच्या 4 सेकंदांच्या वेगाने पाच गोळ्यांची मारावी. संथ नेमबाजीत लपलेली अडकण तिथे बाहेर पडते. नेमबाज राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं त्या 25 मीटर पिस्तूल प्रकारातही वेगवान टप्प्यात लक्ष्य 3 सेकंदच खुलं असतं. तिथे 'टिक' परवडत नाही. चापाचा संच काढला असेल तर 1000 ग्रॅमचं वजन लटकवून चाप पुन्हा तपासावा, नाहीतर स्पर्धेच्या तपासणीत पिस्तूल बाद व्हायचं.

गनस्मिथकडून जुने भाग परत मागून घ्या, झिजलेली आडवी पिनसुद्धा. पुढच्या वेळी मापाला लागतात.

नवी पिन टिकवायची तर घरच्या सरावात रिकाम्या चेंबरवर चाप ओढणं बंद. पिस्तुलाला ड्राय-फायरची (काडतुसाशिवाय चाप ओढण्याची) सोय असेल तर तीच वापरा. नसेल तर पॉइंट टू-टूचं स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घ्या. भिंतीत स्क्रूसाठी घालतात ती प्लॅस्टिकची गिट्टी काही जण वापरतात. चेंबरमध्ये सैल न बसणारी आणि काठासारखी कड असलेली असेल तर तीही चालते. मात्र पिनने खड्डा पाडल्यावर ती फिरवून बसवायची, चारी बाजू चेपल्या की टाकून द्यायची, आणि रेंजवर निघण्याआधी ती बाहेर काढून चेंबरमधून उजेड दिसतोय याची खात्री करायची.