दाबोळी की मोपा? गोव्याचे तिकीट काढण्याआधी

5 जानेवारी 2023 पासून गोव्यात दोन नागरी विमानतळ चालू आहेत. मुरगाव तालुक्यातल्या दाबोळीचा कोड जीओआय, तर पेडणे तालुक्यातल्या मोपाचा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा, जीओएक्स. तिकिटाच्या साइटवर नुसते ‘गोवा’ टाकले की दोन्हीकडची विमाने एकाच यादीत येतात. दोन्ही कोडमध्ये फरक फक्त शेवटच्या अक्षराचा, पण रस्त्याने अंतर साठेक किलोमीटर. जाताना एक आणि येताना दुसरा विमानतळ असलेले तिकीटही सहज निघते, म्हणून पैसे भरण्याआधी दोन्ही बाजूंचे कोड वेगवेगळे तपासा.

धावपट्टी कोणाची?

दोन्ही विमानतळांच्या वागण्यातला बहुतेक फरक मालकीतून येतो.

दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीजांनी 1950 च्या दशकात बांधली. भारताने गोव्याची नाकेबंदी केली होती आणि त्यांना बाहेर पडायला स्वतंत्र वाट हवी होती. डिसेंबर 1961 मध्ये हवाई दलाने तिच्यावर बॉम्बफेक केली. मुक्तीनंतर तळ नौदलाकडे गेला आणि 1964 मध्ये आयएनएस हंसा हे नौदलाचे हवाई ठाणे कोइमतूरजवळच्या सुलूरहून येथे हलले. आजही धावपट्टी, हवाई नियंत्रण आणि बहुतेक जमीन नौदलाची आहे. एएआय, म्हणजे भारतीय विमानतळ प्राधिकरण, सांभाळते ते टर्मिनल आणि प्रवासी विमाने उभी करायची जागा. सध्याचे टर्मिनल डिसेंबर 2013 मधले.

याचा परिणाम वेळापत्रकात दिसतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक हा काळ वर्षानुवर्षे नौदलाच्या सरावासाठी राखीव धरला गेला. त्यामुळे नागरी विमाने दुपारी, संध्याकाळी आणि रात्री एकवटली आणि त्या तासांत टर्मिनल तुंबू लागले. विमान कंपनीला जास्त फेऱ्या हव्या असल्या तरी एएआय एकटी त्या देऊ शकत नाही.

मोपाची जमीन गोवा सरकारची. 2016 च्या करारानुसार जीएमआर या खासगी उद्योगसमूहाच्या कंपनीने विमानतळ बांधायचा, 40 वर्षे चालवायचा (पुढे 20 वर्षांची मुदतवाढ शक्य) आणि महसुलातला 36.99 टक्के वाटा राज्याला द्यायचा. हवाई नियंत्रण मात्र येथे एएआयकडे आहे. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 44 लाख प्रवासी, आणि विस्ताराला पठारावर भरपूर जागा आहे. लष्करी बंधन नसल्याने विमान कंपनीला सोयीची वेळ मिळणे सोपे जाते. ओमान एअर आणि कतार एअरवेज दाबोळी सोडून येथे आल्या. आखाती देशांतून येणाऱ्यांनी त्यामुळे आधी मोपाच पाहावा.

हा विमानतळ सुखासुखी झालेला नाही. पर्यावरण अहवालात झाडांची आणि पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्राची माहिती नीट न दिल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये परवानगी स्थगित केली. जानेवारी 2020 मध्ये अटी घालून ती पुन्हा मिळाली. दुसरा वाद दाबोळीच्या भवितव्याचा. केंद्राच्या 2000 सालच्या मंजुरीत मोपा सुरू झाल्यावर दाबोळीची नागरी वाहतूक बंद करण्याची अट होती. ती 2010 मध्ये काढली, म्हणूनच आज निवड करता येते. दक्षिण गोव्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता, कारण मोपाहून काणकोण गाठायचे तर जवळजवळ अख्खा गोवा ओलांडावा लागतो.

मुक्काम कुठे?

वास्को, मडगाव, कोलवा, पाळोळे: दाबोळी. मडगाव येथून पंचवीसेक किलोमीटर. मोपाहून साठच्या वर, आणि वाटेत कोलवाळ, मांडवी, जुवारी असे तीन पूल. हरमल, मोरजी, मांद्रे, म्हापसा, तसेच सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग: डोळे मिटून मोपा. तळकोकणातल्या चाकरमान्याला हा विमानतळ घराजवळ आला आहे. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाला तुमच्या शहरातून थेट विमान असेल तर मालवण-वेंगुर्ल्यासाठी तेही पाहा, पण तिथल्या फेऱ्या मोजक्या असतात.

पणजी आणि कळंगुट मध्ये पडतात. पणजी दाबोळीहून सत्तावीस-अठ्ठावीस, मोपाहून पस्तीसेक किलोमीटर. जुवारीचा नवा पूल आणि धारगळहून मोपाला जाणारा लिंक रोड झाल्यापासून वेळेतला फरक थोडाच राहिला आहे, तेव्हा येथे विमानाची वेळ आणि भाडे पाहून ठरवा. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे अशा कुलदैवताच्या फेरीला दाबोळी जवळ पडतो.

भाडे ताडताना टॅक्सी धरून हिशेब करा. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. काउंटरची टॅक्सी, गोवा माइल्स हे अॅप किंवा कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची, बस हे पर्याय. मोपाहून कदंबच्या बस म्हापसा, पणजी, मडगावकडे जातात, पण रात्री उशिरा उतरणाऱ्याने त्यांच्या भरवशावर राहू नये. चौघे मिळून कोलव्याला जाणार असाल, तर मोपाच्या स्वस्त तिकिटातली बचत टॅक्सीत किती उरते ते आधी मोजा. तिकिटाच्या तपशिलात यूडीएफ ही ओळही वाचा. विमानतळ वापरण्याचे हे शुल्क दोन्हीकडे ऐरा हे नियामक प्राधिकरण ठरवते, पण रक्कम एकच असेल असे धरू नका.

अडचण आली तर

प्रवासी विमानांना वापरायला दोन्हीकडे एकच धावपट्टी आहे, म्हणून एक बिघाड सगळे थांबवतो. दाबोळीला डिसेंबर 2016 मध्ये जेट एअरवेजचे विमान आणि जानेवारी 2018 मध्ये नौदलाचे मिग-29के धावपट्टीवरून घसरले, तेव्हा वाहतूक बंद ठेवावी लागली. मोपाला मे 2024 मध्ये वीज पडून धावपट्टीच्या कडेचे दिवे गेले आणि काही विमाने दुसरीकडे वळवावी लागली. पुढे जोडविमान असेल तर दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, घ्या. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायची वेळ आलीच तर मध्ये किमान पाच तास ठेवा: सामान हाती यायला पाऊण तास, रस्त्यात दोन, चेक-इनला दोन.

तक्रार एअरसेवा या केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवर दोन्हींची करता येते. माहिती अधिकारात विचारायचे असेल तर दाबोळीच्या टर्मिनलसाठी अर्ज एएआयकडे करा. मोपाचा करार किंवा महसुलाच्या वाट्याबद्दलची कागदपत्रे राज्याच्या नागरी विमान वाहतूक संचालनालयाकडे मागा.