डेन्मार्कच्या मार्ग्रेथे राणीवरची कोपनहेगनमधली वॉकिंग टूर: गाईड एक नंबर, कंपनी काठावर पास

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायला नको. टूर करा, पण पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या, ग्रुप किती जणांचा असणार आणि आत कुठे नेणार की सगळं बाहेरूनच दाखवणार. आमच्या कंपनीच्या जाहिरातीत झुंबरांच्या दालनांचे फोटो होते आणि प्रत्यक्षात एकाही दारातून आत गेलो नाही, आतलं बघायचं तर तिकीट वेगळं काढा म्हणे. वर ग्रुप एवढा मोठा की मागे राहिलं की निम्मं ऐकूच येत नाही, कानात लावायला यंत्र दिलं होतं त्यात नुसती खरखर. कंपनीचं नाव देत नाही कारण गाईड पोरगी इतकी भारी होती की तिच्या पोटावर पाय यायला नको.

सुरुवात अमालियनबोर्गच्या चौकातून. मेट्रोचं मार्मोरकिर्केन स्टेशन अगदी जवळ आहे. अष्टकोनी चौक, चारी बाजूंना चार सारखे दिसणारे राजवाडे, मध्ये पाचव्या फ्रेडरिकचा घोड्यावरचा पुतळा आणि बंदराकडून येणारा वारा, उन्हाळ्यातसुद्धा जॅकेट घेऊन जा. इथल्याच एका वाड्यात १६ एप्रिल १९४० ला मार्ग्रेथे जन्मली, आणि ९ एप्रिलला जर्मन सैन्य देशात घुसलेलं, म्हणजे देश ताब्यात जाऊन जेमतेम आठवडा झालेला. आजोबा दहावे क्रिश्चन तेव्हा आइसलँडचेही राजे होते म्हणून पोरीच्या लांबलचक नावात एक आइसलँडचं नावही घातलं. पण खरी गंमत पुढे आहे. तेव्हाच्या कायद्याने मुलीला गादी नाहीच! वडील नववे फ्रेडरिक १९४७ मध्ये राजे झाले, त्यांना तिन्ही मुलीच, त्यामुळे वारस कोण तर त्यांचा धाकटा भाऊ क्नुड. १९५३ मध्ये नवी राज्यघटना आणि वारसाहक्काचा नवा कायदा दोन्ही जनमताला टाकले, आणि अट अशी की नुसतं बहुमत चालणार नाही, एकूण मतदारांपैकी ४५ टक्क्यांनी हो म्हटलं पाहिजे. मिळाले किती तर ४५ च्या जरा वर, एक टक्कासुद्धा जास्त नाही. काका एका फटक्यात पहिल्या नंबरवरून चौथ्यावर.

माझ्या सासूबाई सोबत होत्या, त्यांनी लगेच विचारलं, ‘मग त्या काकांनी काही केलं नाही?’ आता आपल्याकडे काका आणि गादी म्हटलं की डोळ्यासमोर शनिवारवाडाच येतो, त्यामुळे प्रश्न बरोबरच होता. मी इंग्लिशमध्ये विचारून घेतलं तर गाईड हसली, म्हणाली नाराज होते पण गप्प बसले.

तिथून चालत कोंगेन्स न्यूटोर्व चौकात, रॉयल थिएटरसमोर. हा स्टॉप मला जास्तच लांबला. राणी चित्रं काढायची, बॅलेचे कपडे आणि सेट डिझाईन करायची, तिवोली बागेतल्या शोसाठीसुद्धा केलेत, एका गाजलेल्या इंग्लिश कादंबरीच्या डॅनिश आवृत्तीला टोपणनावाने चित्रं काढून दिली, सिगारेट ओढायची, हे सगळं बहुतेकांना माहीत असतं. एक गोष्ट मात्र आवडली. तिने टेबलावर घालतात त्या फुलाफुलांच्या मेणकापडाचा रेनकोट शिवून घेतला होता, गाईडने टॅबवर फोटो दाखवला, इतकी मोठमोठी भडक फुलं की अर्ध्या किलोमीटरवरून माणूस ओळखू येईल, आणि बाई त्यात इतक्या आरामात उभ्या की बास. मग नवऱ्याचं पुराण सुरू झालं. हेन्रिक मूळचा फ्रेंच, लग्न १९६७ चं, आपल्याला राजा म्हणत नाहीत याचा राग शेवटपर्यंत गेला नाही, २०१७ मध्ये जाहीर करून टाकलं की राणीशेजारी मला पुरू नका, आणि २०१८ मध्ये गेल्यावर खरंच अर्धी राख डेन्मार्कच्या समुद्रात आणि अर्धी फ्रेडन्सबोर्ग राजवाड्याच्या बागेत गेली. सासूबाईंनी एका वाक्यात विषय संपवला, ‘घरजावयाचं असंच असतं.’ गाईडने मात्र पंधरा मिनिटं घेतली.

होल्मेन्स चर्च पळतापळता. राणीचा बाप्तिस्मा इथलाच, लग्नही इथलंच, फोटो काढा, चला. बाजूलाच जुनं शेअर बाजाराचं घर, बोर्सेन, जे १६ एप्रिल २०२४ ला जळलं. तारीख बघा, राणीचा ८४ वा वाढदिवस.

पैसे वसूल झाले ते क्रिश्चन्सबोर्गला. संसद, सुप्रीम कोर्ट, पंतप्रधानांचं ऑफिस आणि राजघराण्याची दरबारी दालनं, सगळं एकाच इमारतीत. गाईडने आम्हाला बाल्कनीसमोर उभं केलं आणि कानातलं यंत्र काढून ठेवा म्हणाली, मोठ्याने बोलली, तेव्हा कुठे सगळ्यांना नीट ऐकू आलं (हे आधीच का नाही केलं?). १४ जानेवारी १९७२, म्हणजे आपली संक्रांत, त्या दिवशी वडील गेले आणि ३१ वर्षांची मार्ग्रेथे राणी झाली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान येन्स ऑटो क्राग यांनी या बाल्कनीतून तीनदा घोषणा केली, राजे गेले, राणी चिरायू होवो, आणि शेजारी ती काळ्या कपड्यांत. राज्याभिषेक नाही, मुकुट नाही! मुकुट रोझेनबोर्ग राजवाड्याच्या तळघरात काचेमागे ठेवलेत आणि शेवटचा राज्याभिषेक १८४० चा. हे ऐकून सासूबाई जरा हिरमुसल्याच, एवढं राजघराणं आणि साधा सोहळा नाही म्हणजे काय.

मग गाईड म्हणाली की गादीवरच्या माणसाची सही कायद्यावर लागते पण मंत्र्याची सही शेजारी नसेल तर त्या सहीला काही किंमत नाही, आणि झालेल्या गोष्टीला जबाबदार मंत्रीच. मग उरतं काय? ३१ डिसेंबरला संध्याकाळी सहाचं भाषण, अख्खा देश टीव्हीसमोर. १९८४ च्या भाषणात राणीने डॅनिश लोकांनाच सुनावलं होतं, बाहेरून आलेल्यांना तुम्ही टोमणे मारता, गार वागवता, हे बरं नाही. आम्ही स्वतः बाहेरून येऊन इथे राहिलेली माणसं, त्यामुळे मला हे ऐकून एकदम बरं वाटलं आणि रेनकोटपेक्षा हे जास्त वेळ सांगायला हवं होतं असंही वाटलं. २०२३ च्या त्याच भाषणात लाईव्ह टीव्हीवर सांगून टाकलं की मी गादी सोडतेय. १४ जानेवारी २०२४ ला, बरोबर ५२ वर्षांनी, मंत्रिमंडळाच्या बैठकीत कागदावर सही केली, उठली, खुर्ची मुलाला दिली, देव राजाचं रक्षण करो म्हणाली आणि काठी टेकत बाहेर पडली. डेन्मार्कमध्ये याआधी राजाने गादी सोडली होती ती ११४६ मध्ये. बाहेर बाल्कनीत तेव्हाच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी नव्या राजाची, म्हणजे मुलगा दहाव्या फ्रेडरिकची घोषणा केली, आणि मुकुट तेव्हाही काचेमागेच.

गादी जनमताने आली आणि एका सहीने गेली, माझ्या मते टूर याच दोन गोष्टींवर बांधायला हवी. बाकी किस्से वाटेत तोंडी लावायला ठीक आहेत.

आतलं बघायचं असेल तर दुसऱ्या दिवशी स्वतः जा, आम्ही तेच केलं. दरबारी दालनांचं वेगळं तिकीट, बुटांवर निळी प्लॅस्टिकची पिशवी चढवायची आणि मग ते मोठे विणलेले पडदे बघायचे. एकूण १७, डेन्मार्कचा हजार वर्षांचा इतिहास, राणीच्या पन्नाशीला उद्योगपतींनी दिलेली भेट. १९९० ला कबूल केली आणि विणून लागायला २००० उजाडलं. रंग इतके झगझगीत की आधी डोळे दिपतात, मग एकेक चेहरा शोधत बसावंसं वाटतं, आम्हाला जेवायला उशीर झाला. त्याच इमारतीच्या टॉवरवर लिफ्टने जाता येतं आणि ते फुकट आहे, हे टूरवाले सांगत नाहीत.

वयस्कर माणसं सोबत असतील तर दगडी रस्त्यांचा विचार करा, साधारण दीड किलोमीटरच चालणं आहे पण मध्ये बसायची सोय नाही, आम्ही बाकडं दिसलं की ग्रुप सोडून बसत होतो. आणि सकाळची वेळ घेऊ नका. पहारा बदलतो दुपारी बाराला, अमालियनबोर्गला, आणि साडेदहाच्या टूरमध्ये तोपर्यंत तुम्ही पार दुसऱ्या टोकाला असता. दुपारची टूर घ्या, बाराला चौकात उभं राहून अस्वलाच्या कातडीच्या टोप्या घातलेले सैनिक बघा, तिथेच काहीतरी खाऊन घ्या आणि मग गाईडला भेटा.