एजचा आयई मोड, रफल आणि पेल मून: सातआठ महिने वापरून काय वाटलं

आधी सांगतो हे कुणासाठी आहे. बेळगावच्या उद्यमबागेत, नाहीतर खानापूर-निपाणीकडं ज्यांच्याकडं दहापंधरा वर्षांपूर्वीचा सीसीटीव्ही डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आहे, जुना मॅनेज्ड स्विच (ब्राउझरमधून सेटिंग करायचा नेटवर्कचा डबा) आहे, किंवा शाळेच्या कपाटात फ्लॅशवाल्या (जुन्या ॲनिमेशनच्या) धड्यांच्या सीड्या पडल्यात, त्यांच्यासाठी. ज्यांचं सगळं मोबाइल ॲपवर भागतं त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

मी बेळगावात छोट्या कारखान्यांचे कॉम्प्युटर, नेटवर्क, कॅमेरे बघतो, फौंड्रीवाले नि जॉबवर्कवाले गिऱ्हाईक जास्त. ही मंडळी एकच लेथ बेअरिंगं बदलत बदलत पंचवीस-तीस वर्षं चालवतात, त्यामुळं "ब्राउझर सपोर्ट करत नाही, डीव्हीआर नवीन घ्या" म्हटलं की मालक आपल्याकडंच संशयानं बघतो. रेकॉर्डिंग होतंय की, मग बिघडलं काय? आणि त्यांचं चुकत पण नाही. डबा चांगला आहे, हार्डडिस्क बदलली की अजून चालेल, फक्त आतलं वेबपेज ॲक्टिव्हएक्स (ब्राउझरला वरून जोडायचं प्लगिन) मागतं आणि ॲक्टिव्हएक्स क्रोम-फायरफॉक्समध्ये कधी नव्हतंच, ती इंटरनेट एक्सप्लोररची मिजास. 15 जून 2022 ला एक्सप्लोरर रिटायर झाला तेव्हापासून ही सगळी पेजं अधांतरी.

तर आयई मोड, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ठरावीक पेजं जुन्या इंटरनेट एक्सप्लोररच्या इंजिनावर उघडायची सोय. एजच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट ब्राउझरखाली "इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये रीलोड करू द्या" असं आहे ते चालू करायचं, एज बंद करून उघडायचं, डीव्हीआरचा आयपी त्या यादीत घालायचा. एवढ्यानं लॉगिन पेज दिसतं, चित्र दिसत नाही, आणि बहुतेक लोक इथंच सोडून देतात. पुढं इंटरनेट ऑप्शन्समध्ये जाऊन तोच आयपी ट्रस्टेड साइट्समध्ये टाकायचा (https सक्तीची टिक काढून) आणि ॲक्टिव्हएक्सच्या ओळी फक्त त्याच झोनला "प्रॉम्प्ट" करायच्या. इंटरनेट झोनला हात लावायचा नाही म्हणजे नाही. एवढं केलं की लाइव्ह पण येतंय, प्लेबॅक पण.

प्लेबॅक हाच खरा मुद्दा आहे. लाइव्ह बघायला व्हीएलसी प्लेअर पुरतं, आरटीएसपी (नेटवर्कवर थेट व्हिडिओ पाठवायची पद्धत) देणारा डीव्हीआर असला तर 554 पोर्टवर लिंक टाकली की झालं, प्लगिन नको काही नको. पण मालकाला लाइव्हमध्ये काडीचा रस नसतो. त्याला काल रात्री साडेअकराला स्क्रॅपची गाडी आली ती भरलेली गेली की रिकामी गेली हे बघायचं असतं, आणि ते तारीख-वेळ टाकून शोधायची सोय त्या जुन्या पेजमध्येच आहे. त्या एका कामासाठी मी आयई मोडला पाचापैकी चार देतो.

एक गुण कापला तो मुदतीसाठी. यादीत घातलेलं पेज 30 दिवसांनी आपोआप निघतं. मुद्दाम तसं ठेवलंय, लोकांनी कायमचं त्याच्यावर राहू नये म्हणून, पण ऑफिसात बसणाऱ्या अक्कांना हे कोण सांगणार, त्यांचा आपला महिन्याला फोन, "कॅमेरा गेला बघा". आता मी पॉलिसीतून (पीसीला वरून लावायचं पक्कं सेटिंग) साइट लिस्टची एक्सएमएल फाइलच लावून देतो, त्याला ही मुदत नसते. दोनचार पीसी असले तर तेच करा.

जावावाल्यांची गत जास्त वाईट. एका ठिकाणी जुन्या स्विचचं सेटिंग पेज जावा ॲप्लेटमध्ये (वेबपेजात चालणारा छोटा जावा प्रोग्रॅम) आहे. जावा 11 पासून ॲप्लेटचं प्लगिनच गेलं, म्हणून जावा 8 आणि पेल मून ब्राउझर, कारण पेल मूननं जुना एनपीएपीआय (ब्राउझरला प्लगिन जोडायची पद्धत) अजून ठेवलाय. वर जावा कंट्रोल पॅनेलमध्ये एक्सेप्शन साइट लिस्ट भरा, मग दोन वॉर्निंगना हो म्हणा, मग उघडतं. चालतं, पण हे मी माझ्या जुन्या लॅपटॉपवरच ठेवलंय, गिऱ्हाइकाच्या पीसीवर घालून देत नाही. जिथून पगाराचं बँकिंग होतं त्या मशीनवर असलं काही नको.

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मात्र मजा आली. तिथं फ्लॅशच्या सीड्या होत्या, पाचवी ते सातवी विज्ञान नि गणित. फ्लॅश प्लेअर 31 डिसेंबर 2020 ला बंद, 12 जानेवारी 2021 पासून अडोबीनं त्यात कंटेंट चालणंच अडवलं, त्यामुळं मास्तरांनी सीड्या बांधून ठेवलेल्या. रफल (फ्लॅशच्या फाइली चालवणारं नवं सॉफ्टवेअर) टाकलं, फाइल ओढून सोडली, पचनसंस्था हलायला लागली! नेट नको, लाइट आली की पीसी चालू, बास. फ्लॅशची भाषा ॲक्शनस्क्रिप्ट, तिच्या जुन्या 1-2 मधलं जवळपास सगळं चाललं, 3 मधले काही खेळ अर्ध्यात अडकतात. फेट या विज्ञान-गणिताच्या साइटची जावावाली सिम्युलेशनं चीर्पजेवर (ब्राउझरमध्येच जावा चालवणारं सॉफ्टवेअर) चालतात तोही तसलाच प्रकार, आणि फेटची बरीच नवी एचटीएमएल5 सिम्युलेशनं मराठीतच आहेत, तीच दाखवा म्हणून सरांना सांगितलं.

आता लोक विचारतात की ब्राउझरनी प्लगिन काढलीच कशाला, राहिली असती कोपऱ्यात. मला नाही पटत. एनपीएपीआय 1995 चा, नेटस्केपच्या काळातला. त्यातनं येणारं प्लगिन म्हणजे बाहेरचा प्रोग्रॅम, तुमच्या लॉगिनला जे अधिकार ते सगळे त्याला, ब्राउझरच्या सँडबॉक्सला (पेजांना आत कोंडून ठेवणाऱ्या कुंपणाला) तो जुमानत नाही. वापरणारे शंभरात दोन आणि धोका शंभरांना. क्रोमनं सप्टेंबर 2015 ला, फायरफॉक्सनं मार्च 2017 ला (फ्लॅश तेवढं ठेवून) काढलं ते बरोबरच केलं.

पण काढताना सगळी प्लगिनं एकाच मापानं मोजली जातात तिथं माझं भांडण आहे. फ्लॅशचा धडा म्हणजे नुसती फाइल, ती वाचणारं नवं काहीतरी लिहिता येतं, रफलनं लिहिलं, आणि ते ब्राउझरच्या कुंपणातच चालतं, म्हणजे प्लगिन गेलं तरी पोरांचं नुकसान नाही. डीव्हीआरचं ॲक्टिव्हएक्स तसं नाही. ते त्या एका कंपनीचं, सोर्स कुणाकडं नाही, कंपनीनं मॉडेल बंद केलं की फोन पण उचलत नाहीत. त्याचं रफल कोण लिहिणार? त्याला जुनं इंजिनच लागतं, म्हणून पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार ठरावीक आयपींनाच उघडं, हा आयई मोडचा हिशोब मला मान्य आहे. मायक्रोसॉफ्टनं तो किमान 2029 पर्यंत ठेवतो म्हटलंय. तोपर्यंत बहुतेक डीव्हीआर आपल्या मरणानं मरतील.

नवीन घेणाऱ्यांना एकच, दुकानात डबा घेताना "ऑनव्हिफ आहे का आणि प्लगिनशिवाय प्लेबॅक दिसतं का" हे विचारा (ऑनव्हिफ म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे नि रेकॉर्डर एकमेकांशी जुळायचं मानक), आणि तिथंच क्रोममध्ये उघडून दाखवायला लावा. नुसतं "हो सर, सगळं येतंय" वर पैसे देऊ नका. जुनाच चालवणार असाल तर डीव्हीआरला राउटरवरून पोर्ट फॉरवर्ड (बाहेरच्या इंटरनेटवरून थेट आत यायची वाट) केलेलं असलं तर आजच काढा, आणि तो पीसी विंडोज 10 वर असला तर त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, 11 वर गेलात तरी आयई मोड तिथं चालतो, मी दोन ठिकाणी करून बघितलंय.